हात लावण्याआधी सुरू होणारी तपासणी : पशुवैद्य नेमके काय पाहतात?

शोधयात्री

आजारी जनावराजवळ पशुवैद्य आले की त्यांनी लगेच सुई टोचावी किंवा रक्ताचा नमुना घ्यावा, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात जाणते डॉक्टर आधी काही वेळ नुसते उभे राहून पाहतात, मालकाला प्रश्न विचारतात, मग पापणी खाली ओढतात, हिरडी दाबतात, पोटावर मूठ रोवतात, बरगड्यांवर टिचकी मारतात, तोंडाचा वास घेतात आणि बऱ्याच वेळाने निदानाबद्दल एखादे वाक्य बोलतात. या प्रत्येक कृतीतून त्यांना नेमके काय कळते? रक्ततपासणी, क्ष-किरण आणि सोनोग्राफी उपलब्ध असताना या तपासणीची गरज कितपत उरली आहे? ज्या रुग्णाला आपले दुखणे सांगता येत नाही त्याच्या बाबतीत ही तपासणी अधिकच महत्त्वाची असावी, असे मला वाटते; परंतु हे मत जाणकारांकडून पारखून घ्यावे म्हणून हा धागा काढला आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी आणि जनावरे सांभाळणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोवैद्य

माझे काम मुख्यतः गाई-म्हशींचे आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

दुरून पाहणे हा तपासणीचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत कमी लेखला जाणारा भाग आहे. जनावराला हात लावला, दोर ओढला किंवा अनोळखी माणूस जवळ आला की त्याचे ठोके आणि श्वास दोन्ही वाढतात. त्यामुळे श्वास मोजायचा असेल तर तो लांबूनच, भकाळी (बरगड्यांमागचा कुशीचा खोलगट भाग) आणि बरगड्यांची हालचाल पाहून मोजावा लागतो. त्याच वेळी जनावर कळपात आहे की वेगळे उभे आहे, रवंथ करते आहे का, चारही पायांवर सारखे वजन टाकते आहे का, पाठीला कमान आली आहे का, हे दिसत असते. कोपरे शरीरापासून बाहेर काढून आणि पाठ कमानीसारखी करून उभी असलेली गाय छातीच्या किंवा जाळीपोटाच्या (गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी एकाच्या) दुखण्याबद्दल स्वतःच सांगत असते. पुढचे पाय पसरून छाती जमिनीकडे झुकवलेला आणि मागचा भाग उंच ठेवलेला कुत्रा खेळत नसेल, तर त्याचे पोट दुखत असण्याची शक्यता आधी धरावी. वारंवार वळून स्वतःच्या कुशीकडे पाहणारा घोडाही हेच सांगतो.

मग येते मालकाकडून घेतलेली माहिती : वय, जात, कधी व्यायली, दूध केव्हापासून कमी झाले, चारा बदलला का, शेण आणि लघवी कशी आहे, आधी कोणते औषध दिले. यानंतर तापमान, नाडी आणि श्वास, आणि त्यानंतर डोक्यापासून शेपटीपर्यंत ठरलेल्या क्रमाने प्रत्येक अवयव. जो भाग दुखतो असे वाटते, तो मुद्दाम शेवटी तपासायचा. तिथे आधीच हात लावला तर जनावर अंग आक्रसून घेते आणि पुढची सगळी तपासणी बिघडते. क्रम पाळण्याचे दुसरेही कारण आहे. डोळ्यांत भरणारी एक जखम दिसली की लक्ष तिथेच अडकते आणि शेजारचा खरा आजार निसटतो.

चौकस

प्रत्येक प्राण्याचे सामान्य तापमान आणि ठोके वेगवेगळे असणार. हे आकडे डॉक्टरांना पाठ असतात का? आम्हा सामान्य वाचकांसाठी काही आकडे द्याल का?

गोवैद्य

हो, पाठच असतात, कारण माणसाच्या मोजमापाने पाहिले तर जवळजवळ प्रत्येक निरोगी जनावराला ताप आहे असे वाटेल. निरोगी गाईचे तापमान साधारण १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, घोड्याचे ९९ ते १०१, कुत्र्या-मांजरांचे १०१ ते १०२.५, शेळीचे १०३ पर्यंतही सामान्यच, आणि कोंबडीचे तर १०५ ते १०७. ठोक्यांचे पाहिले तर विसावलेल्या घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४, गाईचे ६० ते ८० आणि मांजराचे १४० ते २२० पडतात. लहान शरीर, जलद ठोके, असा ढोबळ नियम आहे आणि वासराचे ठोके गाईपेक्षा बरेच जास्त असतात.

नाडीची जागाही प्राण्यागणिक बदलते. गाईची शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला, घोड्याची जबड्याच्या हाडाच्या कडेवर, कुत्र्या-मांजरांची मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला. तापमान घेताना थर्मामीटरचे टोक गुदाच्या भिंतीला टेकले पाहिजे. ते शेणात रुतले तर आकडा कमी येतो. आणि गुदमार्गात हात घालून तपासणी करायची असेल तर तापमान त्याआधी घ्यावे, कारण हाताबरोबर आत शिरलेल्या हवेमुळे नंतरचे वाचन खाली येते.

मांजरवेडी

नाक कोरडे म्हणजे ताप, असे सगळीकडे सांगितले जाते. ते खरे आहे का?

पशुवैद्यक_विद्यार्थिनी

कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत तो भरवशाचा निकष नाही. झोपून उठलेल्या किंवा उन्हात बसलेल्या निरोगी प्राण्याचे नाकही कोरडे असते, आणि ताप असलेल्याचे ओले असू शकते. गाईची नाकपुडी मात्र निरोगी अवस्थेत सतत दवबिंदूंसारखी ओलसर असते, त्यामुळे तिथे कोरडेपणा दखल घेण्याजोगा असतो. तरीही थर्मामीटरला पर्याय नाही.

नाकापेक्षा हिरड्या जास्त बोलतात. गुलाबी हिरडीवर बोट दाबून सोडले की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. त्याला जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण मंदावले आहे. फिकट हिरड्या रक्तक्षय किंवा धक्क्याची अवस्था (शॉक) सुचवतात, पिवळ्या कावीळ, निळसर प्राणवायूची कमतरता, विटेसारख्या लाल हिरड्या रक्तात पसरलेला संसर्ग. नायट्रेट जास्त असलेला चारा खाल्लेल्या जनावराच्या हिरड्या आणि रक्त दोन्ही चॉकलेटी तपकिरी दिसतात, कारण हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि ते प्राणवायू वाहू शकत नाही. पॅरासिटामॉल दिलेल्या मांजरातही हेच घडते. हे औषध मांजरासाठी प्राणघातक आहे, हे या निमित्ताने आवर्जून लिहिते. ज्या जनावराच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्याच्या पापणीच्या आतला भाग किंवा योनिमार्गाचा आतला पडदा पाहिला जातो.

शेळीपालक

पापणीचा विषय निघाला म्हणून लिहितो. शेळ्या-मेंढ्यांत रक्त शोषणारा जंत असतो, त्यामुळे जनावर फिकट पडते आणि जबड्याखाली पाणी साठून सूज येते. खालची पापणी उलटून आतला रंग एका छापील तक्त्याशी ताडण्याची पद्धत दक्षिण आफ्रिकेत विकसित झाली. तिला फामाचा म्हणतात. तीत लालबुंद ते पांढराफटक अशा पाच पायऱ्या आहेत. १ आणि २ पायरीच्या जनावराला जंतनाशकाची गरज नसते, ४ आणि ५ पायरीच्या जनावराला औषध द्यावेच लागते, आणि ३ पायरीबद्दल कळपाची स्थिती पाहून ठरवतात. सरसकट सगळ्या कळपाला औषध पाजले की जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात, म्हणून निवडक जनावरांनाच औषध देणे शहाणपणाचे ठरते. हा सगळा निर्णय यंत्राशिवाय, भर उजेडात, केवळ डोळ्यांनी होतो. उजेड मात्र हवाच. गोठ्याच्या अंधारात ३ आणि ४ मधला फरक कळत नाही.

रानवाट

मानेची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच सपाट झाली नाही तर शरीरात पाणी कमी आहे, असे मी शिकलो आहे. घरच्या घरी करता येण्याजोगी ही सर्वांत सोपी परीक्षा आहे.

पशुवैद्यक_विद्यार्थिनी

सोपी आहे, परंतु एकट्या तिच्यावर विसंबू नये. म्हाताऱ्या किंवा खंगलेल्या जनावराच्या कातडीची लवचिकता आधीच गेलेली असते, त्यामुळे पाणी पुरेसे असूनही चिमूट उभी राहते. उलट लठ्ठ जनावरात त्वचेखालच्या चरबीमुळे ती पटकन बसते आणि पाण्याची कमतरता झाकली जाते. हगवण लागलेल्या वासरात डोळा किती खोल गेला आहे, म्हणजे डोळ्याचा गोळा आणि पापणी यांच्यात किती फट पडली आहे, हे पाहणे जास्त उपयोगी असते. हिरड्या चिकट लागतात का, कान आणि पाय थंड आहेत का, हेही बरोबर पाहावे.

रानवाट

खंगलेल्या जनावराबद्दलचे हे मला ठाऊक नव्हते. आभार.

गोवैद्य

धागाकर्त्यांनी मूठ आणि टिचकी यांबद्दल विचारले होते, ते राहून गेले.

गाईच्या डाव्या भकाळीत कोठीपोट, म्हणजे चार कप्प्यांतला सर्वांत मोठा कप्पा, असते. तिथे मूठ रोवून उभे राहिले की ते आकुंचन पावताना हात बाहेर ढकलला जातो. निरोगी गाईत दर मिनिटाला एक-दोनदा. ही लाट मंद झाली, थांबली, की पचनाचा किंवा अन्य कुठलाही गंभीर आजार मनात धरावा लागतो. दाबल्यावर पोट पिठाच्या गोळ्यासारखे लागते, पाण्याने भरल्यासारखे डचमळते, की ढोलासारखे ताणलेले असते, यावरूनही खाण्याचा इतिहास कळतो.

टिचकीचे प्रयोजन वेगळे आहे. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत काही गाईंचे चौथे पोट वायूने भरून तरंगते आणि कोठीपोट व डाव्या बरगड्या यांच्यामध्ये अडकते. गाय खुराक टाळते, दूध उतरते, तापमान सामान्य असते. डाव्या बाजूला कोपरापासून कमरेच्या हाडापर्यंत एक रेषा कल्पून, तिच्यावर शेवटच्या काही बरगड्यांपाशी स्टेथोस्कोप टेकवून शेजारीच बोटाने टिचकी मारली की धातूच्या भांड्यातून यावा तसा स्वच्छ, झणझणीत नाद ऐकू येतो. तो एकदा कानात बसला की विसरत नाही. या नादावरून आणि गाईच्या इतिहासावरून अनेकदा तिथल्या तिथे शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येतो.

तिसरे उदाहरण तारेचे. गाय चारा न चावताच गिळते आणि त्याबरोबर तारेचा तुकडा किंवा खिळा पोटात जातो. तो जाळीपोटात अडकतो, आणि त्याच्या पुढ्यात फक्त छाती आणि पोट यांमधला पडदा आणि त्यापलीकडे हृदय असते. अशा गाईच्या वशिंडामागे, खांद्यांच्या वर, कातडी चिमटीत घट्ट दाबली तर निरोगी गाय पाठ खाली दबवते. दुखणारी गाय पाठ ताठ ठेवते आणि कण्हते. ते कण्हणे कधी इतके बारीक असते की ते ऐकण्यासाठी श्वासनलिकेवर स्टेथोस्कोप ठेवावा लागतो. तार हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचली असेल तर मानेच्या शिरा फुगतात, गळ्याखालच्या पोळीला सूज येते आणि ठोके ऐकताना पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. या टप्प्यावर जनावर सहसा वाचत नाही, म्हणून मला तारेचा संशय नेहमी लवकर घ्यावासा वाटतो.

जुनी_पाने

टिचकी मारून तपासण्याचे मूळ मनोरंजक आहे. ही पद्धत लिओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने १७६१ मध्ये लॅटिन पुस्तकातून प्रथम मांडली. त्याचे वडील खानावळ चालवत आणि पिंपातल्या मद्याची पातळी वरून ठोकून ओळखत, तिथूनच त्याला छातीवर ठोकण्याची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. योगायोग असा की त्याच १७६१ साली फ्रान्समध्ये क्लोद बूर्जला यांना ल्योन येथे जगातले पहिले पशुवैद्यक विद्यालय काढण्याची परवानगी मिळाली. स्टेथोस्कोप त्यानंतर १८१६ मध्ये रेने लाएनेक यांनी शोधला. त्याआधी वैद्य रुग्णाच्या छातीला थेट कान लावत असत.

आकडेमोड

आदरपूर्वक वेगळे मत मांडतो. हाताची तपासणी करणाऱ्यावर फार अवलंबून असते. एकच गाय दोन डॉक्टरांनी पाहिली तर एकाला नाद ऐकू येतो, दुसऱ्याला येत नाही. त्याउलट गळ्यातल्या पट्ट्यातील संवेदक दिवसरात्र रवंथाची मिनिटे मोजतात आणि माणसाला काही दिसण्याच्या आधीच घट दाखवतात. मांजराच्या मूत्रपिंडाचा आजार सुरुवातीला हाताला कळत नाही, रक्त आणि लघवीच तो सांगतात. मांजराच्या हृदयाबद्दल तर असे आहे की काहींच्या ठोक्यांत जादा आवाज येतो पण हृदय निरोगी असते, आणि काहींच्या हृदयाच्या स्नायूंना आजार असूनही कोणताच आवाज येत नाही; तिथे सोनोग्राफीच निर्णय देते. मग यंत्रापासूनच सुरुवात का करू नये?

गोवैद्य

आपले मांजरांबद्दलचे दोन्ही मुद्दे पूर्ण बरोबर आहेत आणि संवेदकांचे मी स्वागतच करतो. परंतु पट्टा इतकेच सांगतो की ही गाय पाहा. कास तापली आहे, खूर दुखतो आहे, वार अडकली आहे की पोट सरकले आहे, हे गाईजवळ जाऊनच ठरते. रक्ततपासणीचीही मर्यादा आहे. नुकताच मोठा रक्तस्राव झालेल्या कुत्र्यात पेशी आणि द्रव दोन्ही एकदमच निघून गेलेले असतात, त्यामुळे रक्तातल्या पेशींचे प्रमाण सुरुवातीच्या काळात सामान्य येऊ शकते. त्या वेळी फिकट हिरड्या, वेगवान आणि क्षीण नाडी, थंड पाय हेच खरे सांगतात. अहवालावर विसंबून थांबलो तर कुत्रा हातचा जातो. शिवाय शेकडो तपासण्यांपैकी कोणती करायची, हे हाताची तपासणीच ठरवते.

व्यालेली गाय आडवी पडली की हे स्पष्ट दिसते. मान कुशीकडे वळलेली, कान थंड, तापमान सामान्याहून कमी, कोठीपोट शांत : कॅल्शियम उतरले आहे, आणि रक्ताचा अहवाल येईपर्यंत थांबणे परवडत नाही. शिरेतून कॅल्शियम सावकाश देताना स्टेथोस्कोप हृदयावर ठेवावा लागतो, कारण ते वेगाने गेले तर हृदय बंद पडते.

अश्वसखा

घोड्यांकडे वळूया. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटशूळात जठर फुगून फाटण्याचा धोका असतो. डॉक्टर दोन्ही कुशींत वर-खाली असे चार ठिकाणी आतड्यांचे आवाज ऐकतात. पूर्ण शांतता चिंताजनक असते. ठोके ६० च्या वर टिकून राहिले तर प्रकरण गंभीर मानतात. नाकातून जठरापर्यंत नळी घालणे ही तपासणीही असते आणि उपचारही, कारण साठलेला द्रव त्यातून बाहेर पडतो.

लंगडणारा घोडा कठीण, सपाट जमिनीवर दुडक्या चालीत पळवून पाहतात. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना डोके खाली जाते. उभ्या घोड्याकडे कितीही वेळ पाहिले तरी हे दिसत नाही. त्यानंतर टापेची उष्णता, टापेच्या वरची उसळणारी नाडी आणि चिमट्याने तळव्याचा एकेक भाग दाबून पाहणे.

मांजरवेडी

मांजरांबद्दल डॉक्टरांकडून शिकलेल्या काही गोष्टी लिहिते. मांजर गुरगुरत असेल तर ठोके ऐकू येत नाहीत. अशा वेळी काही डॉक्टर शेजारचा नळ सोडतात, त्या आवाजाने गुरगुर बरेचदा थांबते. मानगूट पकडून दाबून ठेवणे आता टाळावे असेच सांगितले जाते. पेटीचे झाकण काढून मांजराला तिच्या तळातच बसू देऊन बरीच तपासणी होते. उलट्या करणाऱ्या मांजराची जीभ अंगठ्याने खालून वर उचलून पाहतात, कारण गिळलेला दोरा जिभेच्या मुळाशी अडकलेला असतो आणि त्याचे दुसरे टोक आतड्यांत गेलेले असते. असा दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तरी ओढू नये, आतडे कापले जाते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नर मांजर वारंवार मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल तर लोक त्याला बद्धकोष्ठ समजतात. डॉक्टर पोटावर हलका हात फिरवतात आणि लघवीची पिशवी टणक चेंडूसारखी लागली तर मूत्रमार्ग बंद झाला आहे हे तिथेच कळते. अशा मांजराला एक दिवसही थांबवू नये.

आकडेमोड

वेदना मोजण्याचे काय? ती तर पूर्णपणे पाहणाऱ्याच्या अंदाजावर राहते.

पशुवैद्यक_विद्यार्थिनी

ती आता बरीचशी मापात आली आहे. चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याचे मापदंड २०१० मध्ये उंदरांसाठी, २०१४ मध्ये घोड्यांसाठी आणि २०१९ मध्ये मांजरांसाठी प्रसिद्ध झाले. मांजरांच्या मापदंडात कानांची स्थिती, डोळे किती मिटले आहेत, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोक्याची उंची या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. त्यामुळे वेगवेगळ्या निरीक्षकांचे मत एकमेकांशी जुळण्याची शक्यता वाढते.

पाखरांचा_सोबती

पक्ष्यांबाबत नियम आणखी कडक आहेत. पक्ष्याला सस्तन प्राण्यांसारखा छाती आणि पोट यांमधला पडदा (श्वासपटल) नसतो. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच हवा आत-बाहेर होते. त्यामुळे छाती आवळून धरलेला पक्षी हातातच गुदमरतो. म्हणून पिंजऱ्यातच आधी बराच वेळ पाहतात : प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होत असेल तर त्याला श्वास घ्यायला कष्ट पडत आहेत. मग सगळी साधने तयार ठेवून, थोडक्या वेळासाठीच हातात घेतात, छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंचे मांस चाचपतात आणि वजन ग्रॅममध्ये घेतात. आजारी पक्षी पिसे फुलवून आपला अशक्तपणा लपवतो, परंतु छातीचे धारदार हाड बोटाला लपवता येत नाही.

गोवैद्य

एक सावधगिरी इथे लिहिलीच पाहिजे. जनावर लाळ गाळते आहे, जबडा लोंबतो आहे, गिळता येत नाही, असे दिसले की घशात काही अडकले असे समजून लोक उघड्या हाताने तोंड तपासतात. ही रेबीजची लक्षणे असू शकतात, आणि गाई-म्हशींनाही रेबीज होतो. हातमोज्यांशिवाय तोंडात हात घालू नये. तसेच एकाएकी मेलेल्या जनावराच्या नाका-तोंडातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल तर ते कापून पाहू नये, काळपुळीचा (अँथ्रॅक्स) संशय धरावा आणि लगेच पशुवैद्यांना कळवावे.

शोधयात्री

सर्वांचे मनापासून आभार. यंत्र आणि हात यांच्यातला वाद आकडेमोड यांच्या मुद्द्यांमुळे मला अधिक नीट समजला. आता मूळ प्रश्नाचीच दुसरी बाजू विचारतो : डॉक्टर येईपर्यंत मालकाने काय करावे, म्हणजे त्यांची तपासणी अधिक उपयोगी ठरेल?

पशुवैद्यक_विद्यार्थिनी

स्वतःच्या मनाने ताप उतरवणारे किंवा वेदना कमी करणारे औषध देऊ नये. त्याने लक्षणे झाकली जातात, आणि काही औषधे त्या प्राण्याला विषारी असतात. उलटी, शेण, लघवी यांचा नमुना किंवा निदान छायाचित्र ठेवावे. लंगडणे, खोकणे, झटका येणे यांची चित्रफीत घ्यावी, कारण दवाखान्यात आल्यावर भीतीपोटी कुत्रा अनेकदा लंगडायचे थांबतो.

गोवैद्य

दुभत्या जनावराच्या प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा काळ्या पृष्ठभागावर पिळून गुठळ्या पाहाव्यात. शक्य असेल तर तापमान वेळेसह लिहून ठेवावे. जनावराला बांधून दमवू नये.

चौकस

आणि निरोगी असताना काही मोजून ठेवण्यासारखे असते का?

पशुवैद्यक_विद्यार्थिनी

असते. कुत्रा किंवा मांजर गाढ झोपलेले असताना छाती एकदा वर आणि एकदा खाली गेली की एक श्वास, असे पूर्ण मिनिटभर मोजावे आणि लिहून ठेवावे. हा आकडा सहसा ३० च्या खाली असतो. हृदयाचा आजार असलेल्या प्राण्यात तो वाढत जाऊन ३० च्या वर राहू लागला, तर फुप्फुसांत पाणी साठू लागल्याची ती पहिली खूण असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. स्वप्नात पाय हलवत असताना मोजलेला आकडा धरू नये.